उणे चिन्हाचा अर्थ

२०११ च्या जनगणनेत आदिलाबाद जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाख ४१ हजार होती. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी त्याचे चार जिल्हे झाले. नव्या आदिलाबादच्या वाट्याला त्यांतील सुमारे ७ लाख ९ हजार माणसे आली. हे दोन आकडे संगणकास दिले की तो तांबड्या अक्षरांत ‘उणे ७४ टक्के’ छापून मोकळा होतो. घटलेला मात्र एकही माणूस नसतो! १९८१ साली रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झालेला पाहणाऱ्या कोकणवासीयांस हे सांगावयास नको. अधिक-उणे चिन्ह ठळक हवेच. परंतु कापसाचा भाव वाढला तर हिरवा रंग आणि कुपोषण वाढले तरीही हिरवाच, हा कसला न्याय? चिन्ह यंत्राने खुशाल द्यावे. रंग आणि खुलासा यांची जबाबदारी अधिकाऱ्यानेच घेतली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.