रस्ता, ट्रॅक्टर आणि अंगणवाडीतली मुले

"डॉक्टर, पोरगी आता चार वर्षांची झाली. अंगणवाडीत ताईंनी रस्ता कसा ओलांडायचा ते शिकवलंय. आता एकटी पाठवली तर चालेल ना?" धाकट्याला लस टोचून घ्यायला आलेल्या एका आईने मला असे विचारले. मी तिला सांगितले, शिकवताहेत ते फार चांगले आहे, ते चालू राहू द्या. पण एकटी पाठवू नका. तिला हे उत्तर पटलेले दिसले नाही. एकटे पाठवायचेच नाही तर शिकवायचे कशाला, असा तिचा प्रश्न होता, आणि तो रास्त आहे. पुष्कळ पालकांच्या मनात तो असणार, म्हणून या आठवड्यात औषधपाण्याचा विषय बाजूला ठेवून हाच विषय घेतला आहे.

आमच्या कासारसाईचा रस्ता ज्यांनी पाहिला आहे, त्यांना फार सांगायला नको. एका अंगाला श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखाना, दुसऱ्या अंगाला थोड्या अंतरावर हिंजवडीचे आयटी पार्क आणि मध्ये धरण. हंगाम लागला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या. एरवी बांधकामाचे डंपर, कंपन्यांत जाणाऱ्यांच्या मोटारसायकली. शनिवार-रविवारी धरणावर हिंडायला येणाऱ्यांच्या गाड्या. पूर्वी घराचे अंगण, मग वाट, मग शेत असे असायचे. आता अंगण संपते तिथेच डांबर सुरू होते. 'अंगणवाडी' हा शब्द ताराबाई मोडकांचा. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे हे काम त्यांनी आणि अनुताई वाघांनी कोसबाडला नेले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, असा त्यामागचा विचार. त्या अंगणाला लागून एक दिवस डंपर जाईल, हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नसणार.

आता मुलाकडे पाहू. चार वर्षांचे मूल साधारण सव्वातीन फूट उंच असते. ट्रॅक्टरचे मागचे चाक त्याच्यापेक्षा उंच. उभ्या गाडीमागून त्याला रस्ता दिसत नाही आणि रस्त्यावरच्याला ते दिसत नाही. गाडी दिसली तरी ती किती वेगाने येते आहे, आपल्यापर्यंत किती वेळात पोहोचेल, हा हिशेब त्याच्या मेंदूला जमत नाही. आवाज कोणत्या बाजूने आला हेही त्याला नीट सांगता येत नाही. शिवाय या वयात लक्ष एका वेळी एकाच गोष्टीवर असते. चेंडू दिसला की चेंडूच. स्वीडनमधील स्टिना सँडेल्स या बाईंनी १९६० च्या दशकात रहदारीतल्या लहान मुलांचा बारकाईने अभ्यास केला. लहान मूल कितीही शिकवले तरी रहदारीला पुरे पडत नाही, कारण त्याची वाढच तेवढी झालेली नसते, असे त्यांचे म्हणणे होते. साधारण नऊ-दहा वर्षांपर्यंत मूल एकटे भरवशाचे नाही, असे आज बहुतेक तज्ज्ञ मानतात.

आणखी एक गोष्ट आहे, ती पालकांना सहसा माहीत नसते. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी लहान मुलांपुढे तीन डोंगरांचा एक नमुना ठेवला. समोर एक बाहुली बसवली आणि विचारले, बाहुलीला तिकडून काय दिसत असेल? चार-पाच वर्षांच्या मुलांनी स्वतःला जे दिसत होते तेच बाहुलीला दिसते असे सांगितले. १९४८ साली हे प्रसिद्ध झाले. पुढे या प्रयोगावर पुष्कळ टीका झाली, सोपी मांडणी केली तर मुले बरी उत्तरे देतात असेही दिसले. पण रस्त्यावरची मांडणी काही सोपी नसते. मला गाडी दिसली म्हणजे गाडीवाल्याला मी दिसलो, अशी मुलाची पक्की समजूत असते.

हे मी नुसते पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी साडेचार वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आणला. उसाची रिकामी ट्रॉली रस्त्याकडेला उभी होती, हा तिच्या मागे खेळत होता. पलीकडून आजीने हाक मारली, "ये रे बाळा, खाऊ देते." तो निघाला, आणि तेवढ्यात मोटारसायकल आली. मोटारसायकलवाल्यानेच त्याला उचलून दवाखान्यात आणले. तो स्वतः थरथर कापत होता. मांडीचे हाड मोडले होते. फळी बांधून पुढे पाठवले. कमरेपासून पायापर्यंत प्लास्टर आणि दीड महिना खाटेवर. डोक्याला लागले नाही, हे नशीब. गाडीने उडवलेल्या मुलाच्या बाबतीत मांडी, छाती आणि डोके या तिन्ही जागा तपासाव्याच लागतात. प्लास्टर काढल्यावर मी त्याला सहज विचारले, गाडी दिसली नव्हती का रे? तो म्हणाला, "दिसली होती. ती थांबणार होती."

त्या आजीला कोणी काही बोलू नये असे मला वाटते. पण एक नियम प्रत्येक घराने आजच करावा: रस्त्यापलीकडून मुलाला हाक मारायची नाही. आपण रस्ता ओलांडून त्याच्याकडे जायचे. किराणा दुकानदारांनीही पलीकडच्या मुलाला गोळ्यांची बरणी दाखवू नये. एसटी किंवा पीएमपीतून उतरल्यावर बस निघून जाईपर्यंत मुलाला धरून उभे राहायचे, बसच्या पुढून घुसायचे नाही. मुलाने आपले बोट धरण्यापेक्षा आपण त्याचे मनगट धरावे. बोट सुटते.

मग अंगणवाडीत शिकवायचे काय? बालवाडीच्या अभ्यासात 'आपले मदतनीस' हा पाठ पूर्वीपासून आहे. चित्रात पोलीस, पोस्टमन, डॉक्टर असतात. पोलीस चौकात हात करून उभा, खाली पांढरे पट्टे, वर तीन दिवे. चित्र छान असते. पण आमच्या मुलांच्या रोजच्या वाटेवर कुठला सिग्नल आणि कुठला हवालदार! त्यांचे खरे मदतनीस निराळेच. घरोघरी जाऊन मुलांना गोळा करून आणणाऱ्या अंगणवाडीच्या मदतनीस ताई (त्यांच्या पदाचे नावच ते आहे), आशा ताई, एसटीचा कंडक्टर, आणि हो, ट्रॅक्टरवाला मामा. पाठ शिकवायचा तर यांचा शिकवावा.

जाता जाता घरच्यांना एक विनंती. जेवत नाहीस तर पोलिसाला बोलावते, रडलास तर डॉक्टर सुई टोचतील, असे मुलांना सांगू नका. माझ्या दवाखान्याच्या दारातच पुष्कळ मुले भोकाड पसरतात, ती आजारामुळे नव्हे. ज्यांच्याकडे संकटात धावत जायचे, त्यांचाच आपण बागुलबुवा करून ठेवतो. मग जत्रेत हरवलेले पोर पोलीस दिसला की लपून बसते.

मुलांना उपदेश कळत नाही, खेळ कळतो. अपघाताची रक्ताळलेली चित्रे दाखवण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. मूल घाबरते, शिकत नाही. त्यापेक्षा 'स्टॅच्यू'चा खेळ घ्या. अंगणात रांगोळीने एक जाड रेघ ओढा. ही रस्त्याची कड. मुलांनी पळत यायचे आणि रेघेवर पुतळा व्हायचे. मोठ्या माणसाने हात धरला की पुतळा सुटला. महिनाभर रोज पाच मिनिटे हे केले तर कड आली की पाय थांबतात. चार वर्षांच्या मुलाला रस्त्याबद्दल एवढी एकच सवय लावता आली तरी माझ्या मते पुष्कळ झाले. डावीकडे बघ, उजवीकडे बघ हे पाठांतर पुढे शाळेत होईल. या वयात डावे-उजवेच अजून पक्के नसते.

दुसरा खेळ ट्रॅक्टरचा. पुढे एक खुर्ची, मागे दोन बाक, त्यावर वाकळ टाकली की झाली ट्रॉली. एक मूल ड्रायव्हर. बाकीच्यांपैकी एकाने ट्रॉलीमागे लपायचे आणि ड्रायव्हरने जागेवरून न उठता सांगायचे, मागे कोण आहे? त्याला सांगता येत नाही. मग जागा बदलायच्या. जो आता लपला होता तो ड्रायव्हर होतो, आणि गाडीवाल्याला आपण दिसत नाही हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी कळते. हंगाम सुरू होण्याआधी एखाद्या ओळखीच्या ट्रॅक्टरवाल्याला अर्धा तास बोलवावे. इंजिन बंद, किल्ली ताईंच्या हातात. एकेका मुलाला सीटवर बसवून मागे पाहायला लावावे. याचा फायदा मुलांपेक्षा कदाचित त्या मामालाच जास्त होईल. आपल्या सीटवरून सव्वातीन फुटांचे पोर दिसत नाही हे एकदा पाहिलेला माणूस गावातून गाडी मागे घेताना आधी खाली उतरतो.

खेळून झाल्यावर खऱ्या रस्त्याच्या कडेला, हात धरून, तीच सवय करून घ्यायची. अंगणातली रेघ आणि डांबराची कड ही एकच गोष्ट आहे, हे मुलाला आपोआप कळत नाही.

पण कोणी या शिकवण्याला लस समजू नये. २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पादचाऱ्यांना दिलेल्या सुरक्षेच्या शिक्षणाचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात १५ चाचण्या तपासल्या होत्या, जवळजवळ सगळ्या मुलांवरच्या. शिकवल्याने मुलांची माहिती वाढते, वागणेही काही प्रमाणात सुधारते, असे दिसले. अपघात कमी झाले का, हे मात्र एकाही चाचणीत मोजलेले नव्हते. ट्रिपलच्या लसीबद्दल कोणी मला असा पुरावा दिला असता तर मी ती टोचली नसती. म्हणून त्या आईला मी 'एकटी पाठवू नका' म्हणालो. मुलाला शिकवले म्हणजे आपली जबाबदारी संपली असे वाटू लागले, तर न शिकवलेले बरे.

जबाबदारी आहे ती गाडी चालवणाऱ्यावर. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी, ब्रेकवर पाय जाईपर्यंतच्या एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते, ३० ने जाणारी ८ मीटर. ब्रेक लागल्यानंतरचे अंतर तर वेग दुप्पट झाला की चौपट होते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली, त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. पाचांतला जवळजवळ एक. ही माणसे नियम पाठ नसल्यामुळे मेली असे म्हणणे मला क्रूरपणाचे वाटते. गावठाणात गतिरोधक, अंगणवाडीच्या दारात कठडा, रस्त्याकडेला ट्रॉली उभी करायला बंदी, ही कामे ग्रामपंचायतीने आणि बांधकाम खात्याने करायची आहेत. पाच वर्षांच्या पोरांनी नव्हेत.

तोवर एक बिनखर्चाची सूचना. ब्रिटनमध्ये १९५३ सालच्या कायद्याने शाळेजवळ मुलांना रस्ता ओलांडून देणारी माणसे नेमण्याची सोय झाली. त्यांत निवृत्त मंडळी पुष्कळ असतात. आपल्याकडे पारावर बसणारे आजोबा आहेत. अंगणवाडी भरताना आणि सुटताना दोघांनी लाल फडके घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहावे. गाडी अडवण्याचा अधिकार त्यांना नाही, पण मुलांना अडवण्याचा आहे, आणि तेवढ्यानेच बरेच काम होईल. मुलांनाही चित्रातल्यापेक्षा ओळखीचा मदतनीस मिळेल. हे मी एकदोघांजवळ बोललो, तेव्हा शंका निघाली की म्हातारी माणसे रोज वेळेवर येतील का. पारावर तर ती पाऊस असो वा थंडी, रोज वेळेवर येतातच.