वाढलेल्या बांगड्या

आपल्याकडे नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडीही फुटत नाही, वाढते. शब्द शुभ झाला तरी काचा जातात केरातच. चंडीगडच्या बांधकाम खात्यातल्या एका रस्ते-निरीक्षकाने मात्र अशा वाढलेल्या बांगड्या वेचून आणल्या आणि त्यांतून अख्खे गाव उभे केले. नेकचंद सैनी यांची ती रॉक गार्डन १९७६ मध्ये लोकांना खुली झाली. २०२६ हे तिच्या पन्नाशीचे वर्ष. ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणून तिचे कौतुक पुष्कळ झाले. आम्हाला ती घर हरवलेल्या माणसाची गोष्ट वाटते.

नेकचंद १९२४ चे. जन्मगाव शकरगढ भागातले. फाळणीत तो भाग पाकिस्तानात गेला आणि हे शेतकरी कुटुंब अलीकडे आले. चंडीगडही त्याच फाळणीचे अपत्य. लाहोर पलीकडे राहिले, म्हणून पंजाबला नवी राजधानी हवी झाली. ल कॉर्बुझिए यांनी आखलेल्या या नगरात सगळे मोजूनमापून: आळ्या-गल्ल्यांच्या जागी आकड्यांचे सेक्टर, त्यातही तेरा हा आकडा मूळ आखणीत गाळलेला. व्यक्तींचे पुतळे उभारायचे नाहीत, असाही दंडक. पण ही जमीन कागदासारखी कोरी नव्हती. शहरासाठी वीसहून अधिक गावे उठली. बेघरांच्या प्रांताला राजधानी द्यायची म्हणून आणखी काही जण बेघर झाले. आपल्या नियोजनाची ही खोड जुनीच.

त्या उठलेल्या गावांचे जे मागे राहिले, ते नेकचंद सायकलवरून वाहून नेत होते. फुटकी मडकी, कपबश्यांचे कान, बांगड्या, विजेची बटणे, सायकलींचे सांगाडे. सुखना तलावाजवळच्या सरकारी जंगलात, नोकरीचे तास संपल्यावर, कुणाला न सांगता. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेले हे काम साहेबांच्या दृष्टीस पडेपर्यंत सत्तरचे दशक उजाडले. तोवर पाणी भरणाऱ्या बायका, वाजंत्री, गुरेढोरे अशी मूर्तींची वस्ती रांगेने उभी होती. नियमाने ती पाडायलाच हवी होती. शहराने शहाणपणा केला: पाडण्याऐवजी नेकचंद यांना त्याच कामाचा पगार दिला, हाताखाली पन्नास मजूर दिले.

‘घर म्हणजे चार भिंती नव्हेत, माणसे’ असे आपण सहज बोलून जातो. ज्यांच्या भिंती शाबूत आहेत त्यांनाच हे वाक्य परवडते. उजनी धरणाचे पाणी उन्हाळ्यात उतरले की त्यात बुडालेल्या पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते. तिथे राहायला आता कुणी जाणार नाही, तरी लोक जातात, पाहून येतात. आठवणीला टेकायला काहीतरी लागते: आजीचा अडकित्ता, पोरांची उंची मोजून चौकटीवर मारलेल्या रेघा, मधोमध झिजलेला पाटा. पुण्या-मुंबईत वाडे आणि चाळी पुनर्विकासाला जातात तेव्हा चौरस फुटांसाठी आपण वर्षवर्ष भांडतो. पाटा मात्र जिन्याखालीच सोडून येतो. नव्या ओट्यावर त्याला जागा नसते, हेही खरे.

रॉक गार्डनची दारे बुटकी आहेत. आत जायचे तर वाकावे लागते, जुन्या घरांत वाकावे लागे तसे. पुढे उंच कमानींना झोपाळे टांगलेले. सेक्टरांतून आलेली कुटुंबे तिथे झोके घेतात, आळीपाळीने, आजीसकट.

मार्च २०२५ मध्ये शेजारच्या उच्च न्यायालयाकडचा रस्ता रुंद करायला आणि गाड्या उभ्या करायला जागा हवी, म्हणून बागेच्या भिंतीचा एक भाग पाडला गेला. शहरातले लोक जमले, भांडले. भंगारातून माणसे घडवणाऱ्याची ती भिंत पुन्हा राडारोडा झाली. तो राडारोडा कुठे टाकला, असे विचारत सायकल घेऊन निघाला असता तो माणूस २०१५ च्या जूनमध्येच गेला.