आजोबांची चप्पल का निसटली?



खूप वेळ मांडी घालून बसलं, की उठताना पायाला मुंग्या येतात ना? दोन-चार वेळा पाय झटकला की त्या पळतात. पण समजा, त्या गेल्याच नाहीत तर? रात्री अंथरुणात तळपाय जळजळतायत, सुया टोचतायत... पुष्कळ आजी-आजोबांचं असं होतं. विचारलं तर म्हणतात, "वय झालं रे बाळा!"

चला, आज महाळुंग्याला जाऊ. बालेवाडीजवळचं नाही हं, चाकण-तळेगाव रस्त्यावरचं! जिथे शेतं होती तिथे आता कारखाने आहेत. समजा, अशाच एका घरात बाबा शिफ्टला गेलेत. आजोबा ओटा उतरून चार पावलं गेले आणि नात ओरडली, "आजोबा, तुमची एक चप्पल मागेच राहिली!" आजोबांना पत्ताच नाही!

हसू नका बरं. ही धोक्याची घंटा आहे. चप्पल निसटलेली कळत नाही, तर खिळा टोचलेला तरी कसा कळणार?

असं का होतं? आपल्या शरीरात मज्जातंतूंच्या तारा असतात. बोलताना आपण त्यांनाही 'नसा'च म्हणतो. सगळ्यांत लांबच्या तारा कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून बिघाड बहुधा आधी पायात दिसतो. विजेच्या वायरीवर प्लॅस्टिकचं वेष्टण असतं, तसं पुष्कळशा मज्जातंतूंवरही एक वेष्टण असतं. ते शाबूत राहायला बी-१२ हे जीवनसत्त्व लागतं. दिवसाला किती? अवघे दोन-अडीच मायक्रोग्रॅम! एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग.

आता गंमत पाहा. मेथी, पालक, भाकरी, डाळ कितीही खा, त्यात बी-१२ नाही! ते फक्त सूक्ष्म जिवाणू बनवतात. गाई-म्हशींच्या पोटातल्या जिवाणूंमुळे ते दुधात येतं. अंडी, मासे, मटण यांतही ते असतं. देहू-आळंदी इथून जवळच, तेव्हा माळकरी घरंही पुष्कळ. त्यांनी काय करावं? रोज दूध, दही, ताक घ्यावं.

ही काही एखाद्या घराचीच गोष्ट नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं. २००६ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. शंभरातल्या ६७ जणांच्या रक्तात बी-१२ कमी होतं!

मग आजोबांना रोज पेलाभर दूध दिलं की झालं? नाही, दोस्तांनो. वय वाढलं की पोटाला अन्नातलं बी-१२ नीट काढून घेता येत नाही. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन या गोळीनेही ते कमी होऊ शकतं. साठा एकदा संपला, की डॉक्टरांकडून गोळ्या किंवा इंजेक्शनं घ्यावी लागतात. गोळीतलं बी-१२सुद्धा जिवाणूंकडूनच बनवून घेतात. फार उशीर झाला, तर काही नसा पुन्हा पूर्ण बऱ्या होत नाहीत. म्हणून आधी रक्ततपासणी!

त्याच तपासणीत साखरही बघायची. मधुमेह हा नसांचा मोठा शत्रू. साखर जास्त निघाली तर ताट बदलायचं. चाकणचा बाजार कांद्या-बटाट्यासाठी प्रसिद्ध, पण बटाटा भाजीत धरू नका, भाकरीत धरा! बटाट्याची भाजी, भात आणि वर भाकरी म्हणजे एकच वस्तू तीनदा वाढल्यासारखं. त्यापेक्षा अर्धं ताट पालेभाजी, काकडी, गवार. पाव ताट उसळ. उरलेल्या पावात भाकरी. चहातली साखर आणि सोबतची बिस्किटं कमी. एकादशीची साबूदाणा खिचडीही साखर चढवते, म्हणून उपास कसा करावा हे डॉक्टरांनाच विचारावं. दारू, तंबाखू आणि मिशरी मात्र बंद!

पण पथ्य सुरू केलं म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत. ताट औषधाच्या जोडीला असतं, त्याच्या जागी नाही.

आणि हो, तुम्हालाही काम आहे. रोज संध्याकाळी आजी-आजोबांचे तळपाय बघा. बोटांच्या बेचक्याही बघा. चीर, फोड, जखम दिसली तर लगेच आई-बाबांना सांगा. आंघोळीचं पाणी आधी आपल्या कोपराने तपासा, कारण त्यांच्या पायांना चटका कळणार नाही. त्यांना अनवाणी फिरू देऊ नका. चपलेत खडा नाही ना, हेही बघा.

त्यांचे डोळे अधू, पाय बधिर; तुमचे डोळे मात्र चांगले तल्लख आहेत. ते थोडे उसने द्या की! आज रात्री जेवणं झाल्यावर आजोबांना एवढंच विचारा, "आजोबा, पायाला मुंग्या येतात का हो?"

मग भेटूच, पुढच्या आठवड्यात!