बेघर रोगी हा नागरिक नव्हे काय?

वाचकहो, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर अथवा विरार स्थानकाबाहेर उघड्यावर निजणाऱ्यास क्षय जडला, तर निदान सहा महिने नेमाने औषध घ्यावे लागते. महिनाभरात त्यास तेथून हुसकाविले की उपचार तुटतो आणि रोग औषधास दाद देईनासा होतो. दोष मात्र रोग्याच्या माथी! सरकारी रुग्णालयाने तातडीचे उपचार न देणे हा घटनेच्या २१व्या कलमाचा भंग होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली ठरविले. ४७वे कलम लोकांचे आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य मानते. त्यात घराची अट कोठेही नाही. म्हणून जेथे रोगी निजतो, तेथे दवाखान्यानेच गेले पाहिजे. ही भीक नव्हे, हा हक्क आहे. तो मागा!