चित्रफीत कुठे थांबवायची?

पाणी घातलेल्या ताटलीत पेटती मेणबत्ती उभी करायची आणि तिच्यावर काचेचा पेला पालथा घालायचा. थोड्या वेळात ज्योत विझते आणि ताटलीतले पाणी पेल्यात चढते. शालेय विज्ञानातला हा जुना प्रयोग यूट्यूबवर अनेक भाषांत सापडतो, मराठीतही. त्याचे स्पष्टीकरणही बहुतेक वेळा ठरलेले असते. मेणबत्तीने पेल्यातला ऑक्सिजन संपवला, ती रिकामी जागा पाण्याने भरली. हवेत ऑक्सिजन एकपंचमांश, म्हणून पाणीही तेवढेच चढले. ऐकायला पटते आणि पडद्यावर दिसतेही. अडचण एवढीच की ते चूक आहे.

ज्योत विझते तेव्हा पेल्यातला ऑक्सिजन संपलेला नसतो, बराचसा शिल्लक असतो. जो खर्च होतो त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. पाणी चढण्याचे मुख्य कारण आहे उष्णता. पेला पालथा घालताना आतली हवा ज्योतीने तापून प्रसरण पावलेली असते आणि तिच्यातली काही कडेने, कधी बुडबुड्यांच्या रूपात, बाहेर निसटते. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते, वाफेचेही पाणी होते, आतला दाब घटतो आणि बाहेरची हवा ताटलीतले पाणी आत ढकलते. म्हणूनच ज्योत जळत असताना पाणी फारसे हलत नाही. ती विझू लागली की झपकन वर येते. एकाऐवजी तीन मेणबत्त्या ठेवल्या तर पाणी आणखी वर जाते. पेला तोच, ऑक्सिजन तेवढाच, मग पाणी जास्त का चढले? एवढ्या एका प्रश्नावर सहावी-सातवीचा वर्ग अर्धा तास भांडू शकतो. पण त्यासाठी कोणीतरी चित्रफीत मध्येच थांबवून तो विचारावा लागतो.

वर्गात चित्रफिती दाखवाव्यात की नाहीत, हा वाद आता शिळा झाला आहे. राज्यातल्या अनेक जिल्हा परिषद शाळांनी लोकवर्गणीतून टीव्ही घेतले, प्रोजेक्टर बसवले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली आणि २०२० मध्ये त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइज’ मिळाले. बालभारतीच्या पुस्तकांवर आता असे कोड छापलेले असतात आणि २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या सरकारी मंचावर पाठांच्या चित्रफिती फुकट मिळतात. करोनाकाळात तर पडदा हीच शाळा होती. साधन आले ते बरेच झाले. ते कसे वापरायचे, याची चर्चा मात्र त्या प्रमाणात झालेली नाही.

पडद्यावरच्या शिक्षणाचा उत्साह नवा नाही. चित्रपटांमुळे शाळेतली पुस्तके लवकरच कालबाह्य होतील, असे भाकीत एडिसनने १९१३ मध्येच केले होते. भारतात १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर अमेरिकेच्या उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत शैक्षणिक कार्यक्रम दाखवले गेले. ‘साइट’ नावाचा तो प्रयोग जगभर गाजला. पुण्यात १९८४ पासून ‘बालचित्रवाणी’ने मराठी मुलांसाठी कार्यक्रम केले, आणि पुढे ती संस्था ज्या उपेक्षेने बंद झाली त्यावर स्वतंत्र अग्रलेख होईल. या सर्व प्रयत्नांची एक मर्यादा सारखी होती. प्रक्षेपण सुरू झाले की ते शिक्षकाच्या हातात नसे. मुलाला कळले नाही, शंका आली, मधेच वीज गेली, तरी कार्यक्रम पुढे जात राही. ऑनलाइन चित्रफितीने ही मर्यादा काढून टाकली. ती थांबवता येते, मागे नेता येते, आवाज बंद करून दाखवता येते. तरीही बहुतेक वर्गांत ती पहिल्या सेकंदापासून ‘सबस्क्राइब करा’पर्यंत सलग चालते, जणू अजून आकाशवाणीच्या वेळापत्रकानेच शाळा भरते आहे.

सलग पाहण्याने नेमके काय बिघडते, याचा अभ्यास झाला आहे. ‘व्हेरिटासियम’ या लोकप्रिय विज्ञानवाहिनीचे डेरेक मलर यांनी सिडनी विद्यापीठातल्या २००८ च्या पीएचडी प्रबंधात भौतिकशास्त्राच्या दोन प्रकारच्या चित्रफितींची तुलना केली. एकीत विषय सरळ, स्वच्छ समजावलेला होता. दुसरीत एक पात्र विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या चुकीच्या समजुती बोलून दाखवत होते आणि त्यांवर वाद होत होता. पहिली चित्रफीत विद्यार्थ्यांना स्पष्ट आणि सोपी वाटली. चाचणीतले त्यांचे गुण मात्र जवळपास होते तिथेच राहिले. दुसरीने त्यांना गोंधळात टाकले, डोक्याला ताण दिला, पण गुण तिनेच वाढवले. कारण उघड आहे. मूल कोरी पाटी घेऊन वर्गात येत नाही. जड वस्तू आधी पडते, हिवाळ्यात पृथ्वी सूर्यापासून दूर जाते, असे काहीतरी त्याने आधीच ठरवलेले असते. सुबोध चित्रफीत पाहताना ‘हे तर मला माहीतच आहे’ असे त्याला वाटते आणि जुनी चूक अधिक घट्ट होते.

कृतीच्या बाबतीतही हेच. मायकेल कार्डास आणि एड ओब्रायन यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जणांनी नेम मारण्याची चित्रफीत वीस वेळा पाहिली, काहींनी एकदाच. वीस वेळा पाहणाऱ्यांचा आत्मविश्वास वाढला. नेम तेवढाच राहिला. पोहण्याची चित्रफीत पाहून कोणी विहिरीत उडी मारत नाही. पण प्रयोगशाळेच्या कुलपाला गंज चढलेला असताना ‘प्रयोग पडद्यावर दाखवला’ अशी नोंद शाळेच्या दप्तरात होते, आणि ती कोणाला खटकतही नाही.

यावरचे उपाय खर्चिक नाहीत. हार्वर्डमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये २१ मिनिटांच्या एका ध्वनिचित्रित व्याख्यानाचे चार भाग केले. ज्यांना प्रत्येक भागानंतर छोटी चाचणी दिली, त्यांचे मन भरकटण्याचे प्रमाण इतरांच्या जवळपास निम्मे होते; त्यांनी टिपणे अधिक घेतली आणि शेवटच्या चाचणीतही ते पुढे राहिले. ‘एडएक्स’वरच्या ६९ लाख पाहण्यांच्या नोंदी तपासणाऱ्या २०१४ च्या अभ्यासात, चित्रफीत कितीही लांब असली तरी ती पाहण्याचा मध्यक सहा मिनिटांपुढे गेला नाही. तेही स्वेच्छेने शिकणाऱ्या प्रौढांचा! चाळीस मिनिटांच्या तासिकेला तेवढीच लांब चित्रफीत लावून चौथीच्या मुलांनी गप्प बसावे, ही अपेक्षाच अवाजवी आहे.

पडद्यावर काय दाखवावे आणि काय दाखवू नये, हेही ठरवता येते. धडधडणारे हृदय आतून कसे दिसते, पेशीचे विभाजन, ज्वालामुखी, पाण्यात टाकलेल्या सोडियमचा भडका हे वर्गात आणता येत नाही. तिथे चित्रफितीला पर्याय नाही. कापसावर मटकीला मोड येणे मात्र खिडकीतच पाहावे. पुण्याचे अरविंद गुप्ता यांच्या टाकाऊतून विज्ञान-खेळण्यांच्या चित्रफिती या दृष्टीने आदर्श आहेत. त्या मिनिट-दोन मिनिटांत संपतात आणि मुलाच्या हातात स्ट्रॉ, कात्री, रबर उरते.

दोष शिक्षकांच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. दोन शिक्षकांनी चार-पाच इयत्ता सांभाळायच्या अशा शाळेत एका वर्गासमोर चित्रफीत लावून गुरुजी दुसऱ्या वर्गात जातात, तेव्हा ती शिकवण्यासाठी लावलेली नसते, मुले बसून राहावीत म्हणून लावलेली असते. त्यात शाळाबाह्य कामांचे अहवाल आणि ऑनलाइन माहिती भरणे आहेच. शिवाय वरून विचारणा होते ती किती कोड स्कॅन झाले, किती मिनिटे पाहिली गेली याची. मोजणी मिनिटांची असेल तर शाळा मिनिटेच भरून देणार.

त्याऐवजी दर महिन्याच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत एक चित्रफीत सर्वांनी मिळून पाहावी, ती कुठे थांबवायची आणि तिथे कोणता प्रश्न विचारायचा हे ठरवावे. त्यातली चूक कोणाच्या लक्षात आली तर तीही लिहून ठेवावी. राज्य शैक्षणिक संशोधन परिषदेने अशा टिपणांसह निवडक चित्रफिती डाउनलोड करून शाळांना द्याव्यात, म्हणजे नेटवर्कची आणि मधेच उगवणाऱ्या जाहिरातींची कटकट राहणार नाही. सुरुवात मेणबत्तीच्या चित्रफितीपासून करायला हरकत नाही. सोबत तीन मेणबत्त्या, एक पेला आणि काडेपेटी ठेवावी.