भीतीवरचे औषध तोंडपाठ आहे!

दहावीच्या पेपरच्या आदल्या रात्री मुलीच्या पोटात गोळा येतो. मुलाखतीला निघालेल्या मुलाचे पाय उंबरठ्यातच अडखळतात. कामगार कपातीची कुजबुज ऐकून बापाच्या घशाखाली घास उतरत नाही. मग कोणी गंडा बांधायला सुचवतो, कोणी नवस बोलायला. बंधू-भगिनींनो, आपण बौद्ध. आपल्या धम्मात यावर काय सांगितले आहे?

संयुत्त निकायात 'धजग्ग सुत्त' आहे. त्यात भगवान बुद्ध भिक्खूंना देव-असुरांच्या युद्धाची जुनी कथा सांगतात. देवांचा राजा सक्क सैन्याला म्हणे, भीती वाटली तर माझ्या ध्वजाचे टोक पाहा. पण सक्क स्वतःच लोभ, द्वेष, मोहातून सुटलेला नव्हता, भिणारा होता. त्याचा ध्वज पाहून भीती जाई किंवा जातही नसे. म्हणून भगवंत सांगतात, अरण्यात, झाडाखाली, एकांतात अंगावर काटा आला तर बुद्धाचे गुण आठवा, नाहीतर धम्माचे, नाहीतर संघाचे.

आणि हे गुण कोणते? आपण विहारात म्हणतो त्या बुद्धवंदना, धम्मवंदना, संघवंदनेच्या सुरुवातीचे शब्द याच सुत्तात आहेत. म्हणजे औषध आपल्या पोराबाळांना तोंडपाठ आहे. ते कशावरचे, एवढेच त्यांना सांगायचे राहिले आहे.

ही स्तुती म्हणजे आर्जव नव्हे. बुद्ध मार्गदाता आहेत, मोक्षदाता नव्हेत. मन चांगल्या गुणांवर ठेवले की भीतीला बसायला जागा उरत नाही, इतके हे सरळ आहे. शंकेचेही तसेच. तपासून घेणारी शंका कालाम सुत्ताला मान्य आहे. पण पाऊलच उचलू न देणारी ती विचिकिच्छा. पाच नीवरणांत तिची गणना होते.

मंगल सुत्तात कृतज्ञतेला मंगल म्हटले आहे. माता रमाई १९३५ साली गेल्या. पुढे बाबासाहेबांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ त्यांच्या स्मृतीला अर्पण केला. हलाखीच्या दिवसांत त्यांनी दाखवलेले धैर्य आणि सोशिकपणा अर्पणपत्रिकेत शब्दांत नोंदवला. उपकार नुसते मनात ठेवले नाहीत.

आम्ही हिशेबाची माणसे. आम्हाला वाटते, घाबरलेले मन वहीत फक्त नावेची बाजू लिहिते आणि जमेची कोरी ठेवते. मग शिल्लक कळणार कशी? आईने धुणीभांडी करून भरलेली फी, शेजाऱ्याने दिलेली जुनी पुस्तके, स्वतः पहाटे उठून केलेला अभ्यास, हे सारे जमेला धरा. मुलीला नुसते "हुशार आहेस" म्हणू नका. "काल चुकलेले गणित तू पुन्हा सोडवलेस" असे सांगा. खोटी जमा लिहिली की हिशेब बिघडतो, तसेच खोट्या स्तुतीचे.

अभ्यास करावा लागेल, अर्ज लिहावे लागतील, संघटनेत उभे राहावे लागेल. वंदना त्यांची जागा घेणार नाही, पण तिथवर जाण्याचे बळ देईल. येत्या रविवारी घरी वंदना झाली की प्रत्येकाने घरातल्या एकाचा एक खरा गुण मोठ्याने सांगावा. एवढे करून पाहा.

नमो बुद्धाय! जयभीम!