आठवणींचा ग्रंथ आणि संशोधक

येशूची शुभवर्तमाने त्याच्या मागे काही दशकांनी लिहिली गेली. 1945 साली इजिप्तमध्ये नाग हम्मादी येथे परंपरेने न स्वीकारलेल्या पोथ्याही सापडल्या. श्रद्धा आणि पाठ यांतील हाच पेच डॉ. वि. भि. कोलते यांनी महानुभाव वाङ्मयात आयुष्यभर हाताळला. म्हाइंभटाच्या ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत गेली आणि ग्रंथ स्मरणातून पुन्हा सिद्ध झाला, असे पंथपरंपरा सांगते. साहजिकच पाठ अनेक झाले. त्यात पोथ्या सांकेतिक लिपीत. कोलते यांनी त्या ताडून सिद्ध केलेली प्रत 1978 साली राज्य साहित्य संस्कृती मंडळाने काढली, तेव्हा काही लीळांवर पंथीयांनी तीव्र आक्षेप घेतला. त्यांचे दुःख खोटे नव्हते. परंतु पोथीत असलेला पाठ केवळ नकोसा म्हणून गाळला, तर ते संपादन कसले? अक्कलकोटला हा प्रश्न परका नाही. स्वामी समर्थांनी 1878 साली समाधी घेतली. त्यांच्या लीळाही भक्तांच्या आठवणींतूनच ग्रंथांत उतरल्या. त्या ग्रंथांच्या जुन्या आवृत्त्या शेजारी ठेवून वाचण्याचे काम मराठीच्या एखाद्या विद्यार्थ्यालाही पेलण्याजोगे आहे.